सीताफळांची हातगाडी आणि चादरीखालची स्कूटर

(पत्र लातूरहून आलं आहे. नाव-गल्ली अर्थातच देत नाही. मजकूर थोडक्यात असा.)

माझं वय 48. ट्यूशन एरियात राहून शिकणाऱ्या पोरापोरींना मी डबे देते, सध्या रोज 32. 2014 साली जुनी स्कूटी घेतली होती. बारा दिवसांत शिकले, दीड महिना चालवली. मग एका संध्याकाळी गंजगोलाईच्या बाजारात, मागं साखर आणि मैद्याच्या पिशव्या, समोर अचानक सीताफळांची हातगाडी आली. ब्रेक दाबला तरी गाडी पुढंच गेली. मला फारसं लागलं नाही, पण हातगाडी आडवी झाली. महिन्याभरात स्कूटी विकून टाकली. तेव्हापासून धाकटे दीर दर दिवाळीला हा किस्सा नक्कल करून सांगतात, “वहिनीनं एका ब्रेकात पातेलंभर रबडी केली.” सगळे हसतात. मीपण हसते.

यंदा पाडव्याला पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं स्वतःच्या पैशांतून इलेक्ट्रिक स्कूटर आणून दिली. पाच महिने झाले, ती व्हरांड्यात चादर घालून उभी आहे. विचारलं की मी सांगते, बॅटरीत काहीतरी बिघाड आहे. डबे पोचवणारा पोरगा जूनमध्ये काम सोडून गेला. आता आमचे हे, त्यांचं दुकान उघडायच्या आधी, डबे टाकून येतात, पोरांना दुपारी गार जेवण मिळतं, चार डबे तुटलेसुद्धा. पंचमीला लेक आली तेव्हा तिनं ‘इंग्लिश विंग्लिश’ लावला. बाकीचे हसत होते, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यातल्या शशीला चार आठवड्यांत इंग्रजी जमलं, मग मला गाडी अकरा वर्षांत का जमू नये? मी इतकी भित्री आहे का? या वयात पुन्हा नाद धरावा, की गाडी विकून लेकीला खरं काय ते सांगून मोकळं व्हावं?

*

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तीस वर्षं वह्या तपासल्यात, ती खोड जात नाही. तुमच्या साडेतीन पानांत प्रत्यक्ष पडण्यावर सहा ओळी आहेत. साखर सांडली, कोपर खरचटलं, हातगाडीवाल्याला पैसे दिले, संपलं. आणि दिरांच्या किश्श्यावर सव्वा पान. कोणत्या दिवाळीला त्यांनी तोंडानं हॉर्न वाजवून दाखवला, कोणाच्या लग्नात व्याह्यांपुढे सांगितला, कोणत्या साली रबडीचं प्रमाण पातेल्यावरून पिंपावर गेलं, सगळं सालवार. गाडीच्या भीतीवर लिहायला बसलात आणि लिहून झालं ते किश्श्यावर.

अजून एक वाक्य मी अधोरेखित केलंय. यांच्या मोटारसायकलवर मागं बसून आठवड्यातून दोनदा गंजगोलाईतून जाते, तेव्हा काही वाटत नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. सोळा रस्ते येऊन मिळतात ती जागा! सणासुदीला तिथं पायी चालणाऱ्यालाही घाम फुटतो. रस्त्याची, गर्दीची, पडण्याची भीती असती तर ती मागच्या सीटवरही आली असती. जास्तच आली असती, कारण तिथं हँडल दुसऱ्याच्या हातात असतं. फरक एवढाच, की मागं बसून पडलात तर किस्सा यजमानांच्या नावावर जाईल.

म्हणून ‘मी इतकी भित्री आहे का’ हा तुमचा प्रश्न मला जरा बाजूला ठेवावासा वाटतो. तुम्ही गाडी शिकलेल्या आहात, बारा दिवसांत. तुम्हाला धास्ती आहे ती दुसऱ्या किश्श्याची. आणि ती काही वेडगळ नाही. पहिलाच अकरा वर्षं चालला, दुसरा मिळाला तर तो तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आता शशीकडे येऊ. ‘इंग्लिश विंग्लिश’ 2012 चा. गौरी शिंदे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, आणि पंधरा वर्षांनी श्रीदेवी पडद्यावर परतली ती यात, शशी होऊन. तुमच्या पत्रानंतर मी तो पुन्हा पाहिला (यजमानांना वाटलं, मी काम टाळतेय). तुम्ही त्यातून ‘चार आठवडे’ एवढंच उचललंत आणि स्वतःला नापास करून टाकलंत. पण ती चार आठवड्यांच्या क्लासची जाहिरात तिला दिसते कुठे? न्यूयॉर्कमध्ये. पुण्यात काय इंग्रजीचे क्लास नव्हते? पेठेगणिक दोन असतील. पण पुण्यात घर होतं. ‘जॅझ’चा उच्चार चुकला की घरात हशा व्हायचा, मुलीला आईला शाळेत न्यायची लाज वाटायची. न्यूयॉर्कच्या वर्गात पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, मेक्सिकोची आया आहे, फ्रेंच आचारी आहे. तिथंही चुकलं की हसतात. पण जो हसतो तो पुढच्या वाक्याला स्वतः चुकणार असतो, त्यामुळे त्या हसण्याला धार नसते. शिवाय ती घरी सांगत नाही. भाचीला तेवढं कळतं, ती साथ देते. नवऱ्याला पत्ता नसतो.

म्हणजे शशीनं भीतीवर जे काही केलं त्यातलं अर्धं काम साक्षीदार बदलण्याचं होतं. तुम्ही मात्र ज्या घरात दर दिवाळीला रबडी निघते त्याच घराच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी गाडी उभी करून रोज तिच्याकडे बघताय. शशीनं पुण्यातल्या त्याच घरात इंग्रजीचा क्लास लावला असता तर तिलाही अकरा वर्षं लागली असती, असं आपलं मला वाटतं.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ती परीक्षेला बसतच नाही. परीक्षा आणि भाचीचं लग्न एकाच दिवशी येतं, तरी धावतपळत जाऊन यायचं ठरवलेलं असतं, तेवढ्यात तिनं लग्नासाठी वळलेले लाडू खाली सांडतात. ती परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळायला बसते. तुमची साखर-मैद्याची पिशवी फुटली तशीच. सांडलं, पुन्हा केलं. सिनेमात त्याचं कुणी रबडीपुराण केलं नाही.

माझं माहेर गंगाखेडकडचं. मी नऊ वर्षांची असताना काकांनी मला पोहायला शिकवलं, म्हणजे विहिरीत ढकललं. “पाण्यात पडलं की येतंच पोहायला” हे त्यांचं शास्त्र. मला आलं नाही. दोन गटांगळ्या खाल्ल्या, काकांनी उडी मारून वर काढलं, काठावर बसलेली सगळी भावंडं पोट धरून हसली. त्यानंतर दोन उन्हाळे मी विहिरीकडे फिरकले नाही. रोज काहीतरी कारण असायचं, कान दुखतोय, गृहपाठ राहिलाय. प्रत्येक कारणानंतर जे ‘सुटले बाई’ वाटायचं ना, ते इतकं गोड असायचं की दुसऱ्या दिवशी आणखी एक कारण सुचायचं. तुमचं ‘बॅटरीत बिघाड आहे’ मला तिथून ओळखीचं आहे. भीती त्या सुटकेवरच पोसली जाते. जितक्या वेळा सुटाल तितकी ती अंगानं भरते, आणि आपल्याला वाटतं आपण मुळातच भित्रे.

मला शेवटी पोहायला शिकवलं आतेबहिणीनं, आणि तिनं विहीरच बदलली. गावाबाहेर एक जुनी बारव होती. आपल्या मराठवाड्यात बारवांना तोटा नाही. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव बघायला आता लोक गाड्या करून येतात, तेव्हा आमच्या बारवेवर फक्त म्हशी आणि आम्ही असायचो. बारवेला पाण्यापर्यंत पायऱ्या. तिनं मला तीन दिवस नुसतं पायरीवर बसवलं, घोट्याएवढ्या पाण्यात. चौथ्या दिवशी गुडघ्याएवढ्या. भीती वाटली की वर यायचं नाही, तिथंच बसून राहायचं, ती ओसरेपर्यंत. आणि ओसरल्याशिवाय पुढच्या पायरीवरही जायचं नाही, एवढा एकच तिचा नियम. मग पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला. पंधराव्या-सोळाव्या दिवशी डबा सुटला तेव्हा तो सुटल्याचं मला कळलंच नाही. बघायला कुणी नव्हतं. (म्हशी होत्या, पण त्या किस्से सांगत नाहीत.) मानसोपचारवाले आज भीतीवर जे करून घेतात ते फार वेगळं नसतं.

आता तुमच्या गाडीचं बघू. आधी तुमच्या मनातलं एक कोडं सोडवते: ‘ब्रेक दाबला तरी गाडी पुढंच गेली’. तुम्ही ते अकरा वर्षं स्वतःच्या वेंधळेपणाच्या खात्यावर लिहून ठेवलंय. स्कूटरला उजव्या मुठीत दोन कामं असतात, बोटांनी पुढचा ब्रेक दाबायचा आणि तळव्यानं अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा. नवा माणूस घाबरला की अख्खी मूठ आवळतो, मनगट खाली जातं, ब्रेकबरोबर अ‍ॅक्सिलरेटरही पिळला जातो. गाडीला एकाच वेळी ‘थांब’ आणि ‘पळ’ दोन्ही सांगितलं जातं. नवशिक्यांच्या अपघातांचं हे अगदी नेहमीचं कारण. तुमच्या बाबतीत नक्की हेच झालं असं इथं बसून सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन त्याला चपखल बसतं. यात भित्रेपणाचा संबंध नाही, उजव्या मनगटाचा आहे. आणि मनगटाला वळण लावता येतं, पोळी लाटणाऱ्या बाईला तर मी हे सांगायलाच नको.

गाडी आधी मधल्या स्टँडवर उभी करून, बंदच ठेवून, आठवडाभर तिच्यावर नुसतं बसा. रोज दहा मिनिटं. डोळे समोर, उजवं मनगट सैल सोडायचं, मग डाव्या हातानं ब्रेक. डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो, तो आधी. पन्नास वेळा करा, शंभर वेळा करा, हसू येईपर्यंत करा. त्यानंतर गाडी हातानं ढकलत फिरवा, वजन कळू द्या. पुढे मोकळ्या जागेत सीटवर बसून, मोटर बंद, दोन्ही पाय जमिनीवर घासत. ती जागा थोडी उताराची मिळाली तर फारच छान. तोल कुठं असतो हे पायांना आठवलं की मग चावी. तुमची गाडी इलेक्ट्रिक आहे, आवाज करत नाही आणि मूठ पिळताच जोर देते, हे पहिल्या दिवशी दचकवतं. म्हणून इको, म्हणजे कमी वेगाच्या, मोडवरच ठेवा, आणि उतरताना, थांबताना, पिशवी अडकवताना बंद करायची सवय लावा. आवाज नाही म्हणून बंद आहे असं समजून मूठ धरली की झालं! बहुतेक ई-स्कूटरमध्ये ब्रेक दाबला की मोटरचा जोर तुटतो. तुमच्या गाडीत तशी सोय आहे का हे विक्रेत्याला विचारून घ्या, ती असेल तर 2014 सारखं होण्याची शक्यता बरीच कमी. आणि बघायचं तिथं, जिथं जायचंय. हातगाडीकडे बघत राहिलं की गाडी हातगाडीकडेच जाते. हे मी स्वतः एका विजेच्या खांबावर शिकले आहे.

लायसन्सचं लक्षात घ्या. तुम्ही हिरव्या नंबरपाटीचा उल्लेख केलाय, म्हणजे ही नोंदणीची गाडी. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत वेग, अशाच गाड्यांना लायसन्स लागत नाही, ही त्यातली नव्हे. जुनं लर्निंग कधीच संपलं. ते सहा महिनेच चालतं. नवं काढा, त्याची परीक्षा आता आधार जोडून घरबसल्याही देता येते, तिथं कुणी बघत नाही. लर्निंग मिळाल्यापासून पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला 30 दिवस थांबावंच लागतं. हा नियम मला फार आवडतो. निदान सरकार तरी तुमच्याकडून एका दिवसात चमत्काराची अपेक्षा धरत नाही. त्या काळात ‘एल’ची पाटी लावायची, हेल्मेट घालायचं आणि शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागं बसवायचं नाही. दिरांना तर नाहीच.

शिकवायला कोण? यजमान नकोत. माणूस चांगला आहे हे पत्रातून दिसतंच, सकाळी बत्तीस डबे घेऊन जातो तो. पण नवऱ्यानं बायकोला गाडी शिकवणं हा मराठी संसारातला सगळ्यात मोठा भांडणाचा विषय आहे, आणि ‘मी आहे ना सोडायला’ म्हणणाऱ्या माणसाचा हात हँडलवरून लवकर सुटत नाही. लातुरात बायकांना दुचाकी शिकवणाऱ्या बायका शोधल्या तर मिळतील. थोडे पैसे लागतील, पण पैसे घेऊन शिकवणारी बाई घरी येऊन किस्से सांगत नाही. त्याहून चांगलं म्हणजे शिकणारी जोडीदारीण. गल्लीत, भिशीत, भजनी मंडळात एक तरी बाई असतेच जिची गाडी चादरीखाली आहे. हळूच विचारून बघा. दोघी मिळून पहाटे कॉलेजच्या एखाद्या मैदानावर जा. ती पडली तर तुम्ही हसाल, तुम्ही पडलात तर ती हसेल. शशीच्या वर्गातलं हसणं ते हेच.

आणि घरी सांगू नका. निदान पहिले तीस दिवस. खोटं बोला असं मी म्हणत नाही, ते तुम्ही आधीच बोलताय. फक्त आजवर न चालवण्यासाठी बोललात, आता चालवण्यासाठी थोडं गप्प राहा. घरातल्या एकाच माणसाला विश्वासात घ्या, ते कोण हे शेवटी सांगते.

तुम्ही विचारलेल्या दुसऱ्या वाटेचा, गाडी विकण्याचा, मी खरंच विचार केला. गाडी चालवता न येणं म्हणजे काही उणेपण नव्हे. माझी थोरली बहीण सत्तरीला आली, आयुष्यभर रिक्षानं फिरली, माझ्यापेक्षा जास्त गावं पाहिली. तुमचं काम घरातच भागत असतं तर मी म्हटलं असतं, विका. नवा पोरगा ठेवणं हाही मार्ग आहेच, त्याचा पगार आणि तुटलेल्या चार डब्यांचे पैसे एका कागदावर मांडून बघा, पगार भारी पडत नसेल तर ठेवाही. शिकायला लागलात तरी दोन महिने डबे पोचवायला कुणीतरी लागणारच. हातात स्टीलचे डबे आणि डोक्यात घाई घेऊन पहिल्या दिवशी रस्त्यावर उतरायचं नाही. पण एका तपशिलामुळे मला विकण्याचा सल्ला देववत नाही. तुम्ही लिहिलंय की दर रविवारी रात्री सगळे झोपल्यावर चादर काढून तुम्ही गाडी चार्जिंगला लावता, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. बॅटरी बिघडलीय असं जगाला सांगत ती बिघडू नये म्हणून पाच महिने जपणारी बाई गाडी विकायला निघालेली नसते.

गंजगोलाईत मात्र तुम्ही गाडी कधीच नेली नाही तरी चालेल. सिनेमा असता तर शेवटच्या प्रसंगात तुम्हाला सोळाच्या सोळा रस्त्यांतून फिरवून आणलं असतं, मागं ताशे. पण तुमचे डबे ट्यूशन एरियात जातात ना? घरापासून तिथपर्यंतचा रस्ता, दुपारी साडेअकराच्या सुमाराचा, तेवढाच शिकायचा. शशी तरी शेवटी काय करते? विमानात इंग्रजीतून विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का.

थोडं इतर वाचकांसाठीही. या महिन्यात अशीच आणखी दोन पत्रं आलीत, एका शेतकरी दादाला ग्रामसभेत उभं राहून बोलायची भीती वाटते, एका वहिनींना बँकेत फॉर्म भरताना हात थरथरतो. दोन्ही पत्रांत कुठं ना कुठं ‘हसले’ हा शब्द आहे. आपली भीती नेमकी कशाची हे कळत नसेल तर तोच प्रसंग आसपास एकही ओळखीचा माणूस नाही असा डोळ्यांपुढे आणून बघा. भीती निम्म्यावर आली तर तुम्हाला आधी जागा आणि माणसं बदलायचीत. ग्रामसभेवाल्या दादांनी आधी दुसऱ्या गावच्या बैठकीत एखादा प्रश्न विचारून यावं, फॉर्मवाल्या वहिनींनी कोरा फॉर्म घरी आणून चार वेळा भरावा. पण कुणीच नाही अशी कल्पना करूनही छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, पडण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर सदरावर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगर इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथं मानसोपचाराची चौकशी करा. ताई, तुमच्या पत्रावरून तुम्हाला याची गरज दिसत नाही, तरी नंबर लिहून ठेवा. पोरं घरापासून लांब राहून अभ्यास करतात, डबे देणाऱ्या बाईच्या कानावर बरंच काही येत असेल.

आता घरातला तो एक माणूस. तुमची लेक. तुम्हाला वाटतंय तिनं सिनेमा लावला तो तुम्हाला टोचायला. मला वेगळा संशय आहे. हा सिनेमा सुचला त्यामागे पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करणारी आपली आई आहे, लहानपणी आईच्या इंग्रजीची आपल्याला लाज वाटायची, असं गौरी शिंदे यांनी मुलाखतींतून सांगितलेलं आहे. म्हणजे तो एका लेकीनं आईपुढं टाकलेला कबुलीजबाब आहे. तुमची लेक 2014 साली शाळेत असेल. काकांच्या नकलेवर तीही हसली असणार, तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण सगळं घर हसत होतं म्हणता त्यात ती येतेच. मोठी झाल्यावर, स्वतः पुण्याच्या रस्त्यावर चार वेळा आपटल्यावर, तिला त्या हसण्याचं काही वाटलं असेल का? पहिल्या मोठ्या पैशांतून माणूस आईला साडी घेतो, सोन्याचं काहीतरी घेतो. हिनं स्कूटर घेतली. मी चुकतही असेन. पण तिला फोन करून खरं सांगा. “बॅटरी ठीक आहे गं, मला भीती वाटती” एवढंच. पुढचं ती बोलेल.

दिरांना हा सिनेमा दाखवू का, असंही तुम्ही विचारलंय. दाखवा, पण आशा ठेवू नका. हसणाऱ्याला पडद्यावरचा हसणारा कधी स्वतःसारखा दिसत नाही. ते तुमच्यापेक्षा जास्त डोळे पुसतील आणि दिवाळीला पुन्हा हॉर्न वाजवतील. त्यांना दुष्टही समजू नका. त्यांच्याकडे एकच चांगला किस्सा आहे आणि तुम्ही दरवेळी हसून दाद दिलीत, त्यांना काय कळणार! यंदा एकदा, माणसं जमायच्या आधी, एकटं गाठून सांगा, “भाऊजी, यावर्षी रबडी नको.” भांडण नको, कारण नको. ऐकलं तर बरंच.

नाही ऐकलं तर किस्सा तुम्हीच सांगा. त्यांनी घसा खाकरला की म्हणा, थांबा, माझा किस्सा आहे, मी सांगते. आणि अख्खा सांगा. कारण दिरांच्या किश्श्यात एक माणूस कायम गाळला जातो. तुमच्याही पत्रात तो सही झाल्यावर, ता. क. म्हणून, कागदाच्या कडेला आडवा लिहिलाय. सगळी गोलाई हसत होती, मागचे हॉर्न मारत होते, आणि ज्याचा माल रस्त्यावर चेंदला होता तो हातगाडीवाला आपली सीताफळं सोडून आधी तुमच्याकडे धावला. तांब्याभर पाणी दिलं. “माय, लागलं का कुठं?” म्हणाला. पैसे निम्मेच घेतले आणि जाताना न फुटलेली दोन सीताफळं तुमच्या पिशवीत टाकली.

ती दोन सीताफळं घरी नेऊन तुम्ही काय केलीत, हे मात्र पत्रात नाही. पुढच्या पत्रात ते कळवा, आणि लर्निंगची तारीखही.